पत्र्याच्या शेडमध्ये वायफाय का अडकतं? उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वी कलकत्त्यातल्या एका प्राध्यापकानं दाखवून दिलेलं

ऑफिसमध्ये वायफाय फुल. तिथून पाच पावलं चालून वर्कशॉपच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरलं की रेंज अर्ध्यावर. लेथ मशीनच्या मागं गेलं की तीही गायब. आणि माल भरून टेम्पो गेटवर उभा असतो, ई-वे बिल काढायचं असतं, नेमकं तेव्हाच मोबाईलवर ते गोल चक्र फिरत बसतं.

भोसरी असो, सातपूर असो नाहीतर इचलकरंजी, शेडमध्ये काम करणाऱ्या कुणालाही विचारा. हा विषय ओळखीचाच निघणार.

मग उपायही ठरलेले असतात. आधी इंटरनेटवाल्याला शिव्या घालायच्या. मग जास्त स्पीडचा प्लॅन घ्यायचा. तरी जमलं नाही की दोन अँटेनावाला राउटर काढून सहा अँटेनावाला आणायचा. पैसे जातात, रेंज काही येत नाही.

कारण घोळ स्पीडचा नसतोच. लहर कशातून आरपार जाते, कशावर आपटून परत फिरते आणि ती पकडणारं यंत्र किती भरवशाचं आहे, हे तीन प्रश्न असतात. गंमत म्हणजे हेच तीन प्रश्न घेऊन एक माणूस १८९४ साली कलकत्त्यातल्या एका छोट्या खोलीत बसला होता. तेव्हा वायफाय सोडा, रेडिओसुद्धा नव्हता.

त्या माणसाचं नाव जगदीशचंद्र बोस.

शाळेच्या पुस्तकात आपली आणि त्यांची भेट होते ती वनस्पतींना संवेदना असतात हे सांगणारे शास्त्रज्ञ म्हणून. पण झाडांकडं वळण्याआधी या माणसानं बिनतारी लहरींवर जे काम केलं, ते आजच्या वायफायपर्यंत येऊन पोहोचतं. तीच गोष्ट आज बघू.

वडिलांनी घराच्या आवारातच वर्कशॉप टाकलेलं

बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा, मैमनसिंगचा. हे गाव आज बांगलादेशात आहे. वडील भगवानचंद्र बोस इंग्रज सरकारच्या नोकरीत मोठ्या हुद्द्यावर. त्या काळी साहेबाच्या नोकरीत असणारा माणूस पोराला थेट इंग्रजी शाळेत घालायचा. भगवानचंद्रांनी उलटं केलं. पोराला आधी बंगाली शाळेत घातलं. तिथं कोळ्याच्या आणि घरच्या चपराशाच्या पोरांशेजारी बसून जगदीश शिकला.

पुढं वडिलांची बदली वर्धमानला झाली. तिथं तापाची साथ आली आणि कित्येक पोरं अनाथ झाली. या पोरांच्या हाताला काम मिळावं म्हणून भगवानचंद्रांनी घराच्या आवारातच सुतारकामाचं आणि धातुकामाचं वर्कशॉप उघडलं. जगदीशला तर खेळायला रानच मोकळं मिळालं. जुनी पितळी भांडी वितळवून त्यानं तिथं एक छोटी तोफ ओतवून घेतली, अशी आठवण त्यांच्या चरित्रात सापडते.

हे लक्षात ठेवा. पुढं या माणसाला प्रयोगशाळा मिळाली नाही, तेव्हा हीच वर्कशॉपची सवय कामाला आली.

कलकत्त्याच्या सेंट झेवियर्समध्ये फादर लाफों यांच्या हाताखाली पदार्थविज्ञानाची गोडी लागली. १८८० मध्ये बोस विलायतेला गेले ते डॉक्टर व्हायला. पण तब्येत साथ देईना, म्हणून वैद्यकी सोडली आणि केंब्रिजला जाऊन विज्ञान शिकले. तिथं त्यांना लॉर्ड रॅले यांच्यासारखे शिक्षक मिळाले. १८८५ मध्ये ते भारतात परत आले आणि कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले.

तीन वर्षं शिकवलं, पगाराला हात लावला नाही

इथं पहिला खटका उडाला.

त्या काळी नियम असा होता की एकाच कामासाठी भारतीय प्राध्यापकाला युरोपियन प्राध्यापकाच्या दोन तृतीयांश पगार. त्यात बोस यांची नेमणूक हंगामी, म्हणून त्याच्याही निम्मा. म्हणजे गोऱ्या प्राध्यापकाला तीन रुपये मिळत असतील तर बोस यांना एक.

बोस यांनी नोकरी सोडली नाही, मोर्चाही काढला नाही. त्यांनी पगारच घ्यायचा नाही असं ठरवलं. रोज कॉलेजात जायचं, सगळे तास घ्यायचे आणि पगार मात्र नाकारायचा. एक दोन महिने नाही, तब्बल तीन वर्षं. आणि या काळात घरची परिस्थिती काही चांगली नव्हती. वडिलांनी लोकांसाठी काढलेले उद्योग बुडाले होते, डोक्यावर कर्ज होतं. १८८७ मध्ये अबला दास यांच्याशी लग्न झालं, आणि त्यांनीही या हट्टात नवऱ्याला साथ दिली.

शेवटी खात्याला झुकावं लागलं. बोस यांना कायम केलं आणि पहिल्या दिवसापासूनचा पूर्ण पगार एकरकमी दिला. ते पैसे वडिलांचं कर्ज फेडण्यात गेले.

पगार मिळाला, पण प्रयोगशाळा नाहीच. संशोधनासाठी कॉलेजनं जागा दिली नाही, पैसा दिला नाही. बाथरूमला लागून असलेल्या एका लहान खोलीत बोस यांनी आपलं बस्तान मांडलं. उपकरणं बनवायला कोण? तर एक स्थानिक पत्राकाम करणारा कारागीर. त्याला बोस यांनी स्वतः शिकवून तयार केलं. जगातल्या सगळ्यात नाजूक लहरी मोजणारी यंत्रं अशी पत्रा कापून, वाकवून, डाग देऊन तयार झाली.

सगळे लहर लांब पाठवायच्या मागं, बोस यांनी ती बारीक केली

आता थोडं मागं जाऊ. मॅक्सवेल नावाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञानं १८६० च्या दशकात गणितानं सांगितलं होतं की वीज आणि चुंबकत्व यांच्या लहरी असतात आणि त्या प्रकाशाच्या वेगानं धावतात. जर्मनीच्या हाइनरिख हर्ट्झनं १८८७-८८ च्या सुमारास ठिणग्या पाडून अशा लहरी खरंच तयार करून दाखवल्या. १८९४ च्या पहिल्याच दिवशी हर्ट्झ वारला, वय अवघं ३६. त्याच्या कामावर इंग्लंडच्या ऑलिव्हर लॉज यांनी व्याख्यान दिलं, ते छापून आलं आणि बोस यांच्या हातात पडलं.

१८९४ च्या नोव्हेंबरमध्ये बोस स्वतः ३६ वर्षांचे झाले आणि त्यांनी ठरवलं की आता आयुष्य संशोधनाला द्यायचं.

हर्ट्झच्या लहरींची अडचण होती त्यांचा आकार. लहरीची लांबी म्हणजे एका उंचवट्यापासून पुढच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर. हर्ट्झच्या लहरी हातभर ते काही मीटर लांब होत्या. त्यांचा अभ्यास करायचा तर यंत्रंही तेवढीच अवाढव्य लागायची. लहर वाकते का हे बघायला हर्ट्झला डांबराचा भलामोठा लोलक ओतावा लागला होता.

बोस यांच्या खोलीत तो लोलक ठेवायला जागाच नव्हती. मग त्यांनी लहरच लहान केली. त्यांनी तयार केलेल्या लहरी साधारण ५ मिलिमीटर ते २५ मिलिमीटर लांबीच्या होत्या. लहर बारीक झाली तशी यंत्रं टेबलावर मावायला लागली. लहर एका नळीतून न्यायची, पुढं नरसाळ्यासारख्या तोंडातून गोळा करायची, गंधकाचा ठोकळा वापरून वाकवायची, सगळं काही एका पेटीत घालून विलायतेला नेता येईल एवढं सुटसुटीत. ती नळी आणि ते नरसाळं आजही मायक्रोवेव्हच्या यंत्रांमध्ये वापरतात.

तुलनेसाठी सांगायचं तर तुमच्या घरच्या २.४ गिगाहर्ट्झ वायफायची लहर साधारण १२ सेंटीमीटर लांब असते आणि ५ गिगाहर्ट्झची साधारण ६ सेंटीमीटर. बोस यांची सगळ्यात बारीक लहर म्हणजे आजच्या भाषेत ६० गिगाहर्ट्झ. वायफायमध्ये हा ६० गिगाहर्ट्झचा पट्टा वापरायला लागले ते थेट २०१० नंतरच्या दशकात.

टाऊन हॉलमध्ये घंटा वाजली आणि बार उडाला

त्यानंतर लवकरच बोस यांनी कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये जाहीर प्रयोग करून दाखवला. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर हजर होते. लहर पाठवणारं यंत्र एका बाजूला, पकडणारं यंत्र साधारण ७५ फुटांवर, आणि मध्ये भिंती. बोस यांनी कळ दाबली. मधे एकही तार नसताना पलीकडं घंटा वाजली, पिस्तुलाचा बार उडाला आणि दारूचा छोटा स्फोटही झाला.

भारतात बिनतारी लहरीनं काम करून दाखवल्याचा हा पहिला जाहीर दाखला मानतात. मार्कोनी नावाचा विशीतला इटालियन पोरगा साधारण याच काळात बोलोन्याजवळच्या आपल्या घरी असेच प्रयोग करत होता.

मे १८९५ मध्ये बोस यांचा पहिला निबंध एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगालपुढं आला. मग लॉर्ड रॅले यांच्यामार्फत पुढचं काम लंडनच्या रॉयल सोसायटीत पोहोचलं. १८९६ मध्ये लंडन विद्यापीठानं त्यांना डॉक्टर ऑफ सायन्स पदवी दिली आणि २९ जानेवारी १८९७ ला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचं व्याख्यान झालं. मायकेल फॅरेडे जिथं बोलायचे, त्याच ठिकाणी पत्रेवाल्याकडून बनवून घेतलेली यंत्रं मांडून बोस बोलले.

पत्र्याच्या पेटीचं रहस्य

आता तुमच्या शेडच्या कामाची गोष्ट येते.

बोस यांना एक त्रास व्हायचा. ठिणगी पाडली की लहर हवी तिकडं तर जायचीच, पण नको तिकडंही पसरायची आणि पकडणाऱ्या यंत्राला भलत्याच दिशेनं हुलकावणी द्यायची. मग मोजमाप कसलं करणार?

त्यांनी उपाय काढला. ठिणगीची कॉइल आणि बॅटरी दुहेरी भिंतीच्या धातूच्या पेटीत बंद केली. बाहेर पडायला फक्त एक नळी ठेवली. झालं, लहर त्या नळीतूनच बाहेर येणार, बाकी कुठूनही नाही.

कारण धातूतून ही लहर आरपार जात नाही. लहर धातूवर आपटली की धातूतले इलेक्ट्रॉन हलायला लागतात आणि लहर परत फेकली जाते. पत्रा अगदी पातळ असला तरी पुरतो.

बोस यांनी लहर अडवायला मुद्दाम जी पेटी बनवली, तशीच पेटी आपण मोठ्या आकारात बांधतो आणि तिला वर्कशॉप म्हणतो. वर पत्रा, बाजूला पत्रा, पुढं लोखंडी शटर. राउटर बाहेर ऑफिसात असेल तर लहर या पेटीत शिरणार कुठून? दारातून, खिडकीतून आणि छपराला मधे मधे जे प्लास्टिकचे पारदर्शक पत्रे टाकलेले असतात तिथून. म्हणून तर शटर वर केलं की रेंज येते आणि खाली घेतलं की जाते. यात भूतबाधा काही नाही.

उलट विटेचं आणि डांबराचं बोस यांनी दाखवून दिलं होतं. या दोन्ही गोष्टींतून प्रकाश जात नाही, पण बिनतारी लहर जाऊ शकते. म्हणजे डोळ्याला जे बंद दिसतं ते लहरीला बंद असेलच असं नाही. विटेच्या भिंतीतून वायफाय थोडं कमजोर होऊन का होईना, पोहोचतं. आतमध्ये सळयांचं जाळं असलेल्या काँक्रीटमधून त्याहून कमी. पत्र्यातून जवळपास नाहीच. पाणी दिसायला पारदर्शक, पण या लहरी ते शोषून घेतं, म्हणून भरलेल्या पाण्याच्या टाकीमागं राउटर ठेवला तरी बोंब.

रेल्वेच्या वेळापत्रकाचं यंत्र

बोस यांचा सगळ्यात भारी प्रयोग कुठला असेल तर पुस्तकाचा.

लहर धावताना एका ठराविक दिशेत हेलकावे घेते. काही लहरी उभ्या डोलतात, काही आडव्या. ही दिशा तपासायला इतरांनी मोठमोठ्या तारांच्या जाळ्या केल्या होत्या. बोस यांनी रेल्वेच्या वेळापत्रकाचं जाडजूड पुस्तक घेतलं, पानांच्या मधे धातूच्या चकचकीत पातळ पन्न्या घातल्या आणि लहरीच्या वाटेत धरलं. पन्न्या लहरीच्या डोलण्याच्या दिशेत असल्या की लहर बंद. पुस्तक काटकोनात फिरवलं की लहर पार. तागाच्या पिळलेल्या जुड्या वापरूनही त्यांनी लहरीची दिशा फिरवून दाखवली. बंगालमध्ये तागाला काय तोटा.

याचा आपल्याला फायदा काय? राउटरच्या दांडीसारख्या अँटेना आपण कशाही वाकवून ठेवतो. पण पाठवणारी अँटेना उभी आणि पकडणारी आडवी असेल तर सिग्नल चांगलाच पडतो. शिवाय उभ्या दांडीतून लहर मुख्यतः आजूबाजूला पसरते, दांडीच्या टोकाच्या दिशेनं फार कमी. म्हणजे राउटर माळ्यावर ठेवून अँटेना उभी केली आणि रेंज थेट खालच्या मशीनपाशी मागितली, तर ती कशी मिळेल? तिथं एखादी अँटेना आडवी करून बघणं हा फुकटातला उपाय आहे.

भरवशाचा रिसीव्हर

लहर नीट गेली तरी अर्धंच काम झालं. ती पकडायची कशी?

त्या काळी लहर पकडायला कोहिअरर नावाची वस्तू वापरायचे. काचेच्या नळीत लोखंडाचा कीस भरलेला. लहर आली की कीस एकमेकांना चिकटायचा आणि वीज वाहायला लागायची. पण एकदा चिकटला की चिकटला. पुढचा सिग्नल घ्यायचा तर नळीला टिचकी मारून कीस मोकळा करावा लागायचा. त्यात बंगालची उष्ण, दमट हवा. यंत्र कधी चालायचं, कधी रुसायचं. म्हणजे आजच्या भाषेत दर वेळी राउटर बंद करून चालू करण्यातला प्रकार.

बोस यांनी किसाच्या जागी पोलादाच्या बारीक स्प्रिंगांची रांग बसवली आणि त्यांच्यावरचा दाब स्क्रूनं कमी-जास्त करायची सोय केली. त्यामुळं यंत्र नेमकं जुळवता यायला लागलं. ठिणगीच्या बाजूनंही त्यांनी काळजी घेतली. सारख्या ठिणग्या पाडल्या की गोळ्यांचा पृष्ठभाग खडबडीत होतो आणि लहर बेभरवशाची होते. म्हणून प्लॅटिनम वापरलं आणि एका वेळी एकच ठिणगी पाडली.

१८९९ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीपुढं नवीन प्रकार मांडला. लोखंड, पारा आणि लोखंड अशी जोडणी. हिला टिचकीच मारावी लागत नव्हती. सिग्नल घेऊन झाला की ती आपोआप पुढच्या सिग्नलला तयार.

आणि श्रेय मार्कोनीला

१२ डिसेंबर १९०१ ला मार्कोनीनं अटलांटिक महासागरापलीकडून आलेला बिनतारी सिग्नल न्यूफाउंडलंडमध्ये पकडल्याचं जाहीर केलं. जगभर नाव झालं. १९०९ मध्ये त्याला कार्ल ब्राऊनसोबत नोबेल मिळालं.

त्या दिवशी मार्कोनीकडं पाऱ्याचा एक कोहिअरर होता. तो इटालियन नौदलातल्या त्याच्या मित्राकडून, लुईजी सोलारीकडून मिळालेला. १९९८ मध्ये प्रबीर बंद्योपाध्याय या अभ्यासकानं एक निबंध छापला आणि या यंत्राचं मूळ बोस यांच्या १८९९ च्या कामात आहे असं कागदपत्रांच्या आधारे मांडलं. त्यावर इतिहासकारांमध्ये चर्चा चालू असते. पण मार्कोनीच्या आधी बोस यांनी तसं यंत्र छापून जगासमोर ठेवलं होतं, हे नोंदीत आहे.

मग बोस यांनी पेटंट का नाही घेतलं?

संधी आली होती. १९०१ मध्ये लंडनला असताना एका बिनतारी कंपनीचा मालक त्यांच्याकडं आला. पेटंट मी घेतो, नफ्यात वाटा देतो अशा बोलीवर. बोस यांनी नकार दिला आणि ही हकिगत मित्र रवींद्रनाथ टागोरांना पत्रातून कळवली. ज्ञानातून पैसा कमवायचा एकदा नाद लागला की माणूस त्यातून सुटत नाही, अशी त्यांची धारणा होती.

हितचिंतक मात्र गप्प बसेनात. सारा बुल या अमेरिकन बाईंच्या पुढाकारानं गॅलेना या खनिजाच्या स्फटिकावर चालणाऱ्या रिसीव्हरचा अर्ज अमेरिकेत गेला आणि १९०४ मध्ये बोस यांच्या नावावर पेटंट मंजूर झालं. अर्धवाहक म्हणजे सेमीकंडक्टर वापरणाऱ्या यंत्राच्या अगदी पहिल्या पेटंटमध्ये ते मोजतात. तुमच्या मोबाईलमधल्या चिपच्या घराण्याचा हा जुना पूर्वज. बोस यांनी त्यातून पैसा मिळवायचा प्रयत्न केला नाही.

हे बरोबर होतं की चूक? दोन्ही बाजूंनी बोलता येतं. पेटंट वापरलं असतं तर पैसा आला असता, माणसं ठेवता आली असती आणि कदाचित हिंदुस्थानात बिनतारी यंत्रांचा कारखाना उभा राहिला असता. पण मग तीन वर्षं बिनपगारी शिकवणारा तो माणूस बोस राहिला नसता.

यंत्र थकतं, मग झाड?

कोहिअररवर काम करताना बोस यांच्या लक्षात आलं की सतत सिग्नल दिला की धातू जणू थकतो आणि विश्रांती दिली की पुन्हा ताजातवाना होतो. तिथून त्यांचं डोकं सजीवांकडं गेलं. झाडाची वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवणारं क्रेस्कोग्राफ हे यंत्र त्यांनी बनवलं. या कामावर वादही झाले, टीकाही झाली. पण बिनतारी लहरींच्या मैदानातून ते बाहेर पडले ते कायमचेच.

१९१७ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला, स्वतःच्या वाढदिवशी, त्यांनी कलकत्त्यात बोस इन्स्टिट्यूट सुरू केली. स्वतःची आयुष्यभराची कमाई त्यात घातली. मुंबईच्या एस. आर. बोमनजी आणि मूळराज खटाव या दानशूरांनीही हात दिला. संस्थेतल्या शोधांवर पेटंट घ्यायचं नाही, हे बोस यांनी उद्घाटनालाच सांगून टाकलं. १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

बोस यांचं गणित तुमच्या शेडला लावा

शेडमध्ये भरवशाचं नेटवर्क पाहिजे असेल तर नवीन प्लॅन घ्यायच्या आधी एवढं बघा.

पहिलं, पत्र्याशी भांडू नका. बाहेरचा राउटर कितीही तगडा असला तरी पत्रा लहर परत फेकणार. ऑफिसपासून शेडच्या आतपर्यंत नेटवर्कची केबल ओढा आणि आत वेगळा ॲक्सेस पॉइंट लावा. नेहमीची तांब्याची नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंत चालते. म्हणजे लहरीची नळी तुम्हीच पेटीच्या आत नेली.

दुसरं, केबल ओढणं शक्यच नसेल तर दोन इमारतींवर समोरासमोर दिशा धरणाऱ्या अँटेना लावा, आणि शेडवरच्या अँटेनेपासून केबल आत घ्या. बोस यांच्या नरसाळ्याचं हेच काम होतं, लहर चारी बाजूंना सांडू न देता एकाच दिशेला लावायची. मधे झाड, टँकर, उभा कंटेनर येणार नाही याची काळजी घ्या.

तिसरं, आतला ॲक्सेस पॉइंट उंचावर आणि मोकळ्यावर लावा. लोखंडी कपाटात, पॅनल बोर्डच्या मागं, स्टॉकच्या रॅकमध्ये ठेवला तर तुम्ही पेटीच्या आत अजून एक पेटी केली.

चौथं, आतमध्ये लहर पत्र्यांवर आपटून इकडून तिकडं फिरत असते. सरळ आलेली आणि आपटून आलेली लहर काही ठिकाणी एकमेकींना मारते. म्हणून एका जागी रेंज नसते आणि हातभर बाजूला सरकलं की येते. मशीनला जोडलेला कॉम्प्युटर अशा जागी अडकला असेल तर त्याची जागा थोडी हलवून बघा. मोठ्या शेडला एकाच जागी जोरदार यंत्र लावण्यापेक्षा दोन साधे ॲक्सेस पॉइंट दोन टोकांना लावलेले बरे.

पाचवं, २.४ गिगाहर्ट्झ लांब जातं पण तिथं शेजारपाजारच्या सगळ्यांची गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झ जवळच्या जवळ वेगवान. वेल्डिंगच्या ठिणगीतूनही रेडिओ लहरी निघतात, शेवटी हर्ट्झनं ठिणगीतूनच तर सुरुवात केली होती. पण वायफायच्या पट्ट्यात त्यांचा जोर सहसा कमी असतो, त्यामुळं वेल्डरवर खापर फोडायच्या आधी पत्र्याकडं बघा.

आणि ज्या मशीनवर कामच थांबतं, त्याला सरळ केबल लावा. लहर कुठं चालते आणि कुठं नाही हे ओळखणं, हाही बोस यांच्याच अभ्यासातला धडा आहे.

मार्कोनी जुलै १९३७ मध्ये गेला. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला गिरिडीहला बोस यांचं निधन झालं, ऐंशीव्या वाढदिवसाला एक वर्ष आणि एक आठवडा बाकी असताना. २०१२ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअरांच्या आयईईई या जागतिक संस्थेनं बोस यांच्या १८९४ ते १८९६ मधल्या मिलिमीटर लहरींच्या प्रयोगांना मैलाचा दगड म्हणून मान दिला आणि प्रेसिडेन्सीत तसा फलक लागला. पगार कमी द्यायला निघालेलं, प्रयोगशाळा न देणारं कॉलेज, आता त्याच प्रयोगांच्या नावानं ओळखलं जातं.

जोर लावून लहर पोहोचत नाही. ती कुठं अडते हे आधी बघावं लागतं, मग वाट मोकळी करून द्यावी लागते. बाथरूमशेजारच्या खोलीत, एका पत्रेवाल्याला हाताशी धरून बोस यांनी एवढंच केलं होतं.